मायक्रोबिट, मेककोड आणि मूळ संहितेचा प्रश्न

एखाद्या साधनाचे परीक्षण करावयाचे, तर ते काय करून देते एवढेच पाहून भागत नाही. ते करून देताना कर्त्याच्या हातून काय काढून घेते, हेही पाहावे लागते. मायक्रोबिट ह्या लहानशा मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी मायक्रोसॉफ्टने तयार केलेला ‘मेककोड’ हा ब्राउझरात चालणारा एडिटर शिक्षकवर्गात वाखाणला जातो, आणि ती वाखाणणी बहुतांशी रास्तच आहे. (‘संपादक’ हा शब्द येथे मुद्दामच टाळला आहे. आपल्याकडे संपादक म्हणजे दुसऱ्याचा मजकूर तपासणारा माणूस. येथे अभिप्रेत आहे ती लिहावयाची पाटी.) परंतु ह्या एडिटरात पुढे झालेल्या एका सुधारणेविषयी आमची तक्रार आहे, आणि ती नीट कळण्यासाठी आधी एडिटरची घडण पाहिली पाहिजे.

बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना हा बोर्ड विनामूल्य देण्यात आला. त्याचा आकार ४ सेंटिमीटर गुणिले ५ सेंटिमीटर. त्यावर २५ लाल दिवे आणि दोन बटणे. १९८१ सालच्या ‘बीबीसी मायक्रो’ ह्या संगणकाची आठवण त्याच्या नावात जाणूनबुजून ठेवलेली आहे. तथापि दोहोंत एक मूलभूत भेद आहे. जुन्या यंत्रात बेसिक भाषा रॉममध्येच होती. यंत्र सुरू केले की त्याच यंत्रावर लिहावे आणि तेथेच चालवावे. मायक्रोबिटला ना कळफलक, ना पडदा. लेखन एका ठिकाणी आणि त्याची अंमलबजावणी दुसऱ्या ठिकाणी, अशी येथे फारकत आहे. मेककोडचे सारे गुणदोष ह्या फारकतीतून उद्भवतात.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत. ब्राउझरातील एडिटर म्हटला की सगळे काम दूरच्या सर्व्हरवर होत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. मेककोडच्या बाबतीत तो चुकीचा आहे. बोर्डाच्या मूलभूत सेवांचा सी प्लस प्लसमधील भाग आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम मात्र त्याच्या स्वतःच्या ब्राउझरातच यंत्रभाषेत उतरतो आणि त्या तयार भागाला जोडला जातो. म्हणूनच पान एकदा उघडले की इंटरनेट तुटले तरी काम अडत नाही. ठोकळे जुळवून रचलेला प्रोग्राम जावास्क्रिप्टच्या रूपात पाहता येतो, आणि पुन्हा ठोकळ्यांकडे परत येता येते. नवख्याला भाषेच्या उंबरठ्यावरून आत आणण्याची ही रीत आम्हांस फार समंजस वाटते.

शेजारी एक आभासी बोर्डही दिसतो. त्याच्याविषयी मात्र इतक्या मोकळेपणाने बोलता येत नाही. पडद्यावरच्या त्या बोर्डाला स्मृतीची टंचाई ठाऊक नाही. पहिल्या आवृत्तीच्या खऱ्या बोर्डात अवघी १६ किलोबाइट रॅम होती. त्यामुळे पडद्यावर निर्वेध चालणारा प्रोग्राम बोर्डावर उतरताच दिव्यांत रडका चेहरा उमटावा आणि मागोमाग ०२० हा आकडा सरकत जावा, असे घडे. स्मृती संपली, एवढाच त्याचा अर्थ. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत रॅम १२८ किलोबाइट झाली आणि हा प्रसंग विरळ झाला. शिकवण्याची एक चांगली संधीही त्याबरोबर गेली, असे आमचे एक खाजगी मत आहे.

आता मुख्य मुद्दा. आरंभी मेककोडमध्ये प्रोग्राम तयार झाला की ‘.हेक्स’ अशा शेपटीची एक फाइल संगणकावर उतरे. केबलने जोडलेला बोर्ड संगणकाला एखाद्या पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यावर ती फाइल ओढून टाकावयाची. हा उपद्व्याप मुलांना कंटाळवाणा वाटे, शिक्षकांना त्याहून अधिक. परंतु त्या फाइलीत एक मोठी खुबी होती. यंत्रभाषेबरोबरच विद्यार्थ्याची मूळ संहिताही तीत बांधलेली असे. तीच फाइल पुन्हा एडिटरात टाकली की प्रोग्राम होता तसा समोर उभा राही. मात्र ही संहिता बोर्डावर जात नाही. तेथे पोचते ती केवळ यंत्रभाषा. म्हणजे बोर्ड ही नुसती कृती होय, पोथी नव्हे. पोथी ती फाइलच.

२०१७ साली क्रोम ब्राउझरात वेबयूएसबी ही सोय आली आणि पुढे मेककोडने ती स्वीकारली. एकदा बोर्ड ब्राउझराशी जोडला की एका टिचकीने प्रोग्राम थेट त्यावर जातो. फाइल ओढावी लागत नाही. कारण फाइल उतरतच नाही! संहिता उरते ती ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात. जतन करण्याचे निराळे बटण आहे, खाते उघडून प्रवेश करण्याची सोयही आहे, हे मान्य. पण पूर्वी जे आपोआप घडत होते ते आता आठवणीने करावे लागते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर दप्तरखाना चालत नसतो.

ह्या दृष्टीने इतर एडिटरांकडे पाहिले म्हणजे निवडीचे निकष बदलतात. मायक्रोबिटच्या पहिल्या वर्षी मुलांना देण्यात आलेल्या एडिटरांपैकी ‘टच डेव्हलप’ २०१९ साली बंद झाला. एडिटरचे आयुष्य बोर्डापेक्षा कमी असू शकते, ह्याचा तो पुरावा. आर्डुइनोच्या ब्राउझर-एडिटरात प्रोग्राम सर्व्हरवर यंत्रभाषेत उतरतो आणि खात्यात राहतो. तेथे संहितेची सुरक्षितता ही सेवेच्या हयातीइतकीच. ह्याउलट सर्किटपायथन चालवणाऱ्या बहुतेक बोर्डांवर मूळ संहिता ‘कोड.पीवाय’ ह्या साध्या मजकुराच्या फाइलीत स्वतः बोर्डावरच असते. ब्राउझरातला एडिटर वापरा की दुसरा कोणता, काही बिघडत नाही. मेककोडइतकी रेखीव शिकवणी त्यात नाही, हे खरे; पण ज्याचे लेखन त्याच्याच मुठीत राहते.

ह्या विवेचनाला निमित्त झालेला प्रसंग लहानसा आहे. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, संगणक बंद होताना ब्राउझरचा सारा साठा पुसला जाई. तेथील विद्यार्थ्यांनी तापमान दाखवणारे बोर्ड तयार केले. सत्र संपल्यावर आम्ही ते पाहिले तेव्हा सगळे बोर्ड उत्तम चालत होते. परंतु ते कसे चालतात हे दाखवणारी संहिता एक अपवाद सोडता कोणाहीपाशी नव्हती. तो विद्यार्थी फायरफॉक्स वापरीत असे. त्यात वेबयूएसबी चालत नसल्याने तो बापडा दर वेळी फाइल ओढून टाकी, आणि दर वेळी ती आपल्या पेन ड्राइव्हवरही ठेवी. त्याच्या एकोणीस फाइली आम्ही क्रमाने उघडल्या. चौथीत त्याने सेल्सियसच्या जागी फॅरनहाइटचे सूत्र चुकीचे घातले होते आणि सातवीत ते दुरुस्त केले होते.