मुक्या जिवाचे ऋण

मृत्यू हा साहित्याचा जुना विषय आहे. आईच्या, लेकराच्या, थोरामोठ्यांच्या मृत्यूवर प्रत्येक भाषेत विपुल लिहिले गेले आहे. गोठ्यातल्या जनावराच्या मृत्यूवर मात्र त्या मानाने थोडे लिहिले गेले, आणि त्यातलेही पुष्कळसे बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकून समीक्षक मोकळे झाले. मोठ्या माणसाने गाईसाठी किंवा बैलासाठी डोळे पुसावेत, याचे आपल्याला थोडे ओशाळवाणे वाटते. हे ओशाळलेपण कितपत रास्त आहे, हे तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी स्पॅनिश, बंगाली आणि मराठी अशा तीन भाषांतील तीन कलाकृती आम्ही विचारासाठी घेतल्या आहेत.

परंतु समीक्षेपूर्वी एक कबुली दिली पाहिजे. गुरुदीक्षा होऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. सहायक धर्मगुरू म्हणून आम्ही वसईच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात काम करीत होतो. एके सकाळी मिस्सेनंतर एक वयस्कर शेतकरी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "फादर, आमची गाय गेली," तो म्हणाला. "चौदा वर्षं होती आमच्याकडं. तिच्या दुधावर दोन पोरींचं शिक्षण झालं. तिच्यासाठी एक मिस्सा सांगाल का?" त्याच्या हातात घडी केलेली नोट होती. सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचे तास आमच्या डोक्यात ताजे होते. आम्ही त्याला समजावून सांगितले, की पशूंना माणसासारखा अमर आत्मा नसतो, मिस्सा माणसांसाठी अर्पण केली जाते, आणि जनावर ते शेवटी जनावर. तो काही बोलला नाही. नोट त्याने सदऱ्याच्या खिशात परत ठेवली आणि निघून गेला. आमचे उत्तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. तरीही काहीतरी चुकले होते. ते काय, हे उमगायला आम्हाला पुढे एक पुस्तक वाचावे लागले.

ते पुस्तक म्हणजे हुआन रामोन हिमेनेझ यांचे 'प्लातेरो आणि मी'. स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात मोगेर नावाचे गाव आहे. हिमेनेझ तिथे १८८१ साली जन्मले. पुढे १९५६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय वाचकाला त्यांच्याविषयी जवळीक वाटावी असा एक धागाही आहे. त्यांच्या पत्नी सेनोबिया यांनी रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य स्पॅनिशमध्ये आणले आणि त्या कामात हिमेनेझ यांचा हातभार होता. 'प्लातेरो'ची संक्षिप्त आवृत्ती १९१४ साली निघाली आणि १३८ प्रकरणांची संपूर्ण आवृत्ती १९१७ साली. प्लातेरो हे एक लहानसे, मऊ अंगाचे, रुपेरी रंगाचे गाढव. कवी त्याच्यासह गावातून आणि रानातून हिंडतो आणि जे दिसेल ते त्याला सांगत जातो. कथानक असे नाहीच. सारे पुस्तक म्हणजे एका माणसाने आपल्या गाढवाशी केलेले बोलणे आहे. लेखकाने त्याला उपशीर्षक दिले आहे 'आंदालुसियातील विलापिका'. म्हणजे हा शोक आहे, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

या पुस्तकाचा बांध वाटतो तितका सैल नाही. अकराव्या प्रकरणातच कवी प्लातेरोला एक वचन देतो. कुणाचे प्रेम न लाभलेली गाढवे, घोडे, कुत्री मेल्यावर गावाबाहेर टाकली जातात. तुझे तसे होणार नाही, मळ्यातल्या मोठ्या गोल पाइन वृक्षाखाली मी तुला पुरीन, आणि तुझ्याजवळ मुले खेळतील, असे ते वचन. मग शंभराहून अधिक प्रकरणे निघून जातात. ऋतू येतात, जातात. क्षय झालेली एक मुलगी प्लातेरोच्या पाठीवर बसून फिरून येते. त्याचा लळा लागलेली दुसरी एक चिमुरडी मरण पावते. आणि अखेरीस वचन पाळण्याची वेळ येते. वचन आणि पूर्ती यांत एवढे अंतर ठेवल्यामुळे पूर्तीला जे वजन येते, ते रडक्या वर्णनांनी कधीच आले नसते.

प्रत्यक्ष मृत्यूचे प्रकरण अवघे पानभर आहे. सकाळी प्लातेरो गवताच्या अंथरुणावर पडलेला आढळतो. म्हातारा पशुवैद्य येतो, मान हलवतो. कसली तरी विषारी मुळी खाण्यात आली असावी. दुपारपर्यंत सारे संपते. पोट फुगलेले, पाय ताठ झालेले, अंगावरचे केस जुन्या बाहुलीच्या झडणाऱ्या केसांसारखे. कवी काहीही लपवीत नाही. आणि त्या शांत तबेल्यात एक तिरंगी फुलपाखरू फिरत असते. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत आले, की ते क्षणभर उजळते. प्रकरण इथे संपते. फुलपाखराचा अर्थ काय, हे कवी सांगत नाही.

थोड्या प्रकरणांनंतर कवी मुलांसह त्या पाइनखालच्या थडग्याला भेट देतो. वसंत आहे, पिवळी फुले फुलली आहेत, आणि पुन्हा एक फुलपाखरू येते. या वेळी ते पांढरे असते आणि कवी त्याला आत्म्याची उपमा देतो. आम्ही धर्मगुरू असल्यामुळे आम्हाला हे दुसरे फुलपाखरू अधिक आवडावे, अशी वाचकांची अपेक्षा असेल. आमचे मत उलट आहे. पहिले फुलपाखरू डोळ्यांनी पाहिलेले आहे. दुसरे समजूत घालण्यासाठी बोलावलेले आहे. शोक करणाऱ्याला समजुतीची गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुस्तकाच्या शेवटी प्लातेरो हळूहळू एक गोड आठवण होत जातो, त्याच्या जागी पुठ्ठ्याचे गाढवही येते, आणि ज्या पायांनी खरीखुरी ओझी वाहिली ते पाय दृष्टीआड होतात. कवीची पोटाची भाकर प्लातेरोवर अवलंबून नव्हती. त्याचा शोक निर्मळ आहे, खरा आहे, पण सुखवस्तू माणसाचा आहे. या थोर पुस्तकाची मर्यादा आम्हाला इथे जाणवते.

याच पुस्तकात दोन हूसेंचे नव्हे, एका दोन होसेचे, म्हणजे गावच्या पाद्रीबाबांचे, एक छोटे प्रकरण आहे. पाद्रीबाबा बोलायला मधासारखे गोड. पण आपल्या बागेत फळे चोरणाऱ्या पोरांवर शिव्यांचा आणि दगडांचा वर्षाव करणारे. झाड, पाणी, वारा यांतले सौंदर्य त्यांना दिसत नाही. कवीच्या मते त्यांच्या घरी खरोखर देवदूतासारखी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे त्यांची गाढवीण. हे वाचून आम्ही प्रथम हसलो. मग सॅक्रिस्टीच्या दारातली ती सकाळ आठवली आणि हसू मावळले.

प्लातेरोमध्ये जे नाही, ते शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'महेश' या बंगाली कथेत आहे. गफूर हा गरीब मुसलमान विणकर, त्याची लहान मुलगी अमिना आणि महेश हा त्यांचा म्हातारा बैल. दुष्काळाचे दिवस आहेत. गावचे गायरान जमीनदाराने पैशांसाठी दुसऱ्याला देऊन टाकले आहे. गफूर पेंढा मागतो, तर गोभक्तीचा उपदेश करणारे पंडितजी त्याला हात हलवीत परत पाठवतात. तो आपल्या छपराचा पेंढा उपसून बैलाला घालतो. एकदा खाटकांकडून विसार घेतो आणि ऐन वेळी त्यांना हाकलून लावतो. शेवटी तहानेने व्याकूळ झालेला महेश अमिनाची पाण्याची घागर फोडतो, आणि भुकेने, अपमानाने, तापाने पिसाळलेला गफूर हाताला लागलेला नांगराचा तुकडा त्याच्या डोक्यात घालतो.

इथे शोक करणारा आणि मारणारा एकच आहे. शरच्चंद्रांनी गफूरला माफ केले नाही आणि धिक्कारलेही नाही. रात्री बापलेक गाव सोडून तागाच्या गिरणीकडे निघतात. घरातले तांब्याथाळीसुद्धा गफूर महेशच्या प्रायश्चित्तासाठी मागे ठेवायला सांगतो. महेशला जिथे बांधीत, त्या बाभळीखाली येताच त्याचा बांध फुटतो आणि तो आभाळाकडे पाहून अल्लाला विनवतो: मला हवी ती शिक्षा कर, पण तू दिलेले गवत आणि तू दिलेले पाणी ज्याने माझ्या महेशला मिळू दिले नाही, त्याला क्षमा करू नकोस. ही प्रार्थना ख्रिस्ती कानांना कठोर वाटेल, कारण आपल्याला क्षमा शिकवली गेली आहे. परंतु तिच्यात गफूरने आपला गुन्हा आधी कबूल केला आहे, हे विसरता येत नाही. प्लातेरोचा धनी मृताला फुले वाहतो. गफूर मृताचे देणे फेडू पाहतो. शेतावरच्या जनावराच्या शोकात हे देणे नेहमीच मिसळलेले असते. त्याने ओढलेला नांगर, त्याने दिलेले दूध आपल्या अंगात भिनलेले असते, आणि पुष्कळदा त्याच्या अंगावरचे वळही आपल्याच हातचे असतात.

तिसरी कलाकृती मराठी आहे. आनंद यादव यांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. नारबा हा एकटा शेतगडी आपल्या बोलीत आपली हकीकत सांगतो. मळ्यावरची गुरेढोरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरांना मळ्यावर जागा उरत नाही. नारबाचा शोक अधिक अवघड आहे. प्लातेरोला पाइनखाली मूठमाती मिळाली, महेशसाठी बाभळीखाली कुणी रडले. विकल्या गेलेल्या जनावराला थडगे नसते. ज्याच्यासाठी रडायचे ते कुठेतरी जिवंत असेल किंवा नसेलही. यादवांनी नारबाच्या तोंडी तत्त्वज्ञान घातले नाही. त्यांनी जनावरांचे खाणे, बसणे, माज, आजार इतक्या बारकाईने नोंदवले आहे, की ती गेल्यावर मळ्यावर काय उरले नाही हे वाचकाला न सांगता कळते.

आमच्या वसईच्या वाडीत हेच घडले. केळीच्या आणि पानवेलीच्या बागांना पाणी घालायला एके काळी रहाट होते आणि रहाटाला बैल. डोळ्यांवर झापड बांधून ते जन्मभर एकाच विहिरीभोवती फिरले. विजेचे पंप आले आणि रहाट थांबले. पंप आले ते बरेच झाले. बैलाचे आणि माणसाचेही कष्ट वाचले. पण त्या बैलांच्या पायांनी शिंपलेल्या बागांवर आपली घरे उभी राहिली, आपली पोरे शिकली, आणि आमच्यासारखे काही जण सेमिनरीतही गेले. हे देणे आपण कुठे मांडून ठेवले आहे?

पवित्र शास्त्राने मात्र ते मांडले आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याच्या पापाची जाणीव करून द्यायला येतो. दावीदाने उरीयाची पत्नी घेतली आहे आणि उरीयाला मरणाच्या तोंडी दिले आहे. नाथान आरोप करीत नाही, गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच कोकरू होते. ते त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या पेल्यातले पाणी पिई, त्याच्या कुशीत झोपे, त्याला मुलीसारखे होते. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तेच कापले. दावीद संतापतो. अशा माणसाने मेलेच पाहिजे, असे म्हणतो, आणि मग कोकराची चौपट भरपाईही सांगतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराची भरपाई चार मेंढरे एवढीच आहे. मग मृत्यूची भाषा आली कुठून? मुलीसारख्या कोकराची किंमत चार कोकरांनी भरून येत नाही, हे मेंढपाळाचा मुलगा असलेल्या त्या राजाला क्षणभर उमगले होते. 'जनावर ते शेवटी जनावर' असे दावीद म्हणाला असता, तर संदेष्ट्याची गोष्ट तिथेच फसली असती, आणि 'तो माणूस तूच' हे शब्द ऐकायला त्याचे काळीज तयारच झाले नसते. एका कोकराच्या दुःखाच्या वाटेने देवाने राजाला पश्चात्तापाकडे नेले.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत समतोल आहे. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांशी दयाळूपणे वागणे हे आपले कर्तव्य सांगितले आहे. त्यांच्यावर प्रेम करता येते, मात्र माणसाच्या वाट्याची माया त्यांना देऊ नये, असेही बजावले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सर्व सृष्ट जीवांच्या अंतिम रूपांतराची आशा व्यक्त केली. म्हणून शोक करणाऱ्याने आपले माप सांभाळावे, हे खरेच. पण वर पाहिलेल्या तिन्ही कलाकृतींत कुणीही माणसाच्या वाट्याची माया चोरून जनावराला दिलेली नाही. गफूर अमिनाचा हात धरूनच गाव सोडतो. प्लातेरोच्या थडग्याशी कवी गावची मुले घेऊन जातो. उलट ज्या गावाने महेशला गवत दिले नाही, त्याच गावाने गफूरलाही पाणी दिले नाही.

तेव्हा त्या सकाळी आमचे काय चुकले, ते आता सांगता येते. गाईच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करता आली नसती. पण चौदा वर्षांच्या दुधाबद्दल आणि दोन मुलींच्या शिक्षणाबद्दल देवाच्या उपकारस्तुतीची मिस्सा अर्पण करता आली असती. तो शेतकरी ऋण फेडायला आला होता आणि आम्ही त्याला आत्म्याचे प्रकार शिकवले. तो आता हयात नाही. नोव्हेंबरात मृतांच्या थडग्यांना आशीर्वाद देताना आम्ही त्याच्या थडग्याशी अंमळ थांबतो. त्या गाईचे नाव काय होते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आमच्या तरुण लेखकांना यानिमित्ताने एवढीच विनंती, की रहाटाचे बैल ज्यांनी हाकले अशी माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसा, बैलांची नावे विचारा, आणि ती लिहून ठेवा. फुलपाखराला आत्मा म्हणण्याची घाई मात्र करू नका.