गुल्ला बोलींतील आफ्रिकी अंश : परीक्षण

लॉरेंझो डाउ टर्नर यांचा हा ग्रंथ शिकागो विद्यापीठानें १९४९ सालीं प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना व जॉर्जिया या संस्थानांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर, भात व कापूस पिकविण्यासाठीं आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज राहतात. त्यांच्या गुल्ला बोलीचें हें विवेचन होय. ही बोली म्हणजे आळशी जिभेनें बिघडविलेली इंग्रजी, असें पूर्वीचे लेखक खुशाल लिहून गेले. आफ्रिकी भाषांचा त्यांस गंधहि नव्हता!

१९२९ त ऑरेंजबर्ग येथें शिकवीत असतां टर्नर यांच्या कानीं आपल्याच विद्यार्थ्यांचें हें बोलणें पडलें. तेव्हांपासून वीस वर्षें त्यांनीं या बोलीचा पाठपुरावा केला. बेटांवरील माणसास बहुधा दोन नांवें असत, एक परक्यांस सांगावयाचें इंग्रजी व दुसरें घरांतलें. परके संशोधक पहिलें टिपून परतले. टर्नर यांस दुसरें मिळालें.

ग्रंथांतील शब्दसंग्रहाचा मोठा भाग या नांवांचाच आहे, आणि आमचा आक्षेपहि येथेंच आहे. उच्चार एखाद्या आफ्रिकी शब्दाशीं जुळला कीं तीच व्युत्पत्ति, असें अनेक ठिकाणीं झालें आहे. एका अक्षराच्या साम्यावरूनहि निर्वचन करण्याची यास्काचार्यांची सवलत ग्रंथकारानें जणूं आपणांसहि लागू केली! भुईमुगाचा वाचक 'गूबर' हा किंबुंदूंतील 'न्गुबा'पासून आला, येथें रूप, अर्थ व वस्तु तिन्ही साक्ष देतात. नांवांपाशीं बहुधा रूप एकटेंच उभें राहतें.

याउलट हॅरिस नेक येथील अमेलिया डॉली या बाईंचें गीत पाहावें. तें आईकडून मुलीकडे आलेलें. अर्थ त्यांसहि ठाऊक नव्हता. सिएरा लिओनहून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्यानें ती मेंदे भाषा ओळखली. पुढें १९९० त त्या देशांतील सेनेहुन न्गोला या गांवीं तेंच गीत जाणणारी स्त्री भेटली. तिकडे तें मृतांच्या विधींत म्हणत. १९९७ त अमेलियाबाईंची कन्या मेरी मोरान तेथें जाऊन आल्या. गुलामांच्या व्यापारानें तोडलेला धागा इतका प्रत्यक्ष हातीं लागल्याचें उदाहरण विरळाच. आमच्या मतें ग्रंथाचें खरें बळ येथें आहे. विद्यार्थी जेथें गुरूस सांगतो तेथें तो निःशंक, कोशासमवेत ग्रंथकार एकटा बसतो तेथें डळमळीत.

हार्वर्ड विद्यापीठांत २०१७ पासून गुल्ला शिकविली जाऊं लागली. अशा वर्गांनीं टर्नर यांची नामावलि घेऊन बेटांवरील आज्यांपाशीं बसावें, मेंदे व वाई बोलणाऱ्या सहाध्यायांस सोबत घ्यावें, आणि एकेक नांव घरोघर पडताळावें. हॅरिस नेकची वस्ती मात्र १९४२ त सरकारनें विमानतळासाठीं उठविली, व पुढें तेथें पक्ष्यांसाठीं अभयारण्य झालें. तेथील कुटुंबें इतरत्र शोधावीं लागतील.