कच्चं मडकं

मडकं हे आपल्या वाङ्मयात फार वापरून झालेलं भांडं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला मातीच्या एका गोळ्यावरून सगळी मातीची भांडी ओळखायला शिकवतो. वेदान्ती घट फोडतात आणि आतलं आकाश बाहेरच्या आकाशात मिळवून टाकतात. कबीर गुरूलाच कुंभार करतात: आतून हाताचा आधार, बाहेरून चापट. 'प्रपंच' (1961) चित्रपटासाठी गदिमांनी तर थेट विठ्ठलाला चाकावर बसवलं. यांतल्या कुणाला माती दिसते, कुणाला घडण, कुणाला फुटणं. मडकं नीट भाजलंय का, हा प्रश्न मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांचा. साहजिकच आहे. बाकीचे मडक्याचे दृष्टान्त देणारे. हे मडकी विकून पोट भरणारे.

प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाई काकांना म्हणते, यांतली मडकी पारखून द्या. काका थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव तेवढे चिडतात. निकाल लागतो: हे कच्चं.

इथे थांबून दोन गोष्टी पाहाव्यात. थापटणं हे मुळात पारखायचं हत्यारच नव्हे. ओलसर मडक्याच्या आत दगडी गोळा धरून बाहेरून ज्या लाकडी फळीने ठोकतात, ती ही. भाजलेलं मडकं बोटाच्या पेरानेही वाजवून कळतं. म्हणजे परीक्षेचा तो फटका घडवण्याचाही होता. नामदेवांना तेव्हा तो नुसता अपमान वाटला. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, पक्कं निघालेलं मडकं खणखणीत वाजतं, कच्चं बद्द. कथेत नेमकं उलटं झालंय. पक्की डोकी वाजलीच नाहीत; जे वाजलं तेच कच्चं ठरलं. कुंभाराच्या धंद्यातला शब्द घ्यायचा आणि त्याची कसोटी उलटी करून माणसाला लावायची, ही करामत मला साऱ्या घटाकाशापेक्षा मोठी वाटते.

शिवाय 'कच्चं' म्हणजे फुटकं नव्हे. फुटक्याला उपाय नाही, कच्च्याला आवा आहे. म्हणून तर रुसलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला आपल्या गुरूंकडे, विसोबा खेचरांकडे, पोचू शकतात. आणि हा शब्द उच्चारणारा माणूस कोण? भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना ज्याच्या पायाखाली पोटचं पोर गेलं, अशी कथा परंपरा सांगते, तो. कच्च्या मातीचं काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

महिपतींनी 'भक्तविजय'मध्ये (1762) हा प्रसंग रंगवून सांगितला आहे, कीर्तनकार अजून रंगवतात. पण वाचायचाच तर आधी नामदेवांच्या गाथेतला वाचा. ज्याला कच्चं म्हटलं, त्याच्याच नावावरच्या अभंगांत तो आहे.