‘आंधळ्यांची शाळा’ : एका संक्रमण-कृतीचे संगीत

‘संक्रमणकालीन’ हे विशेषण कलाकृतीस लागले की तिचे स्वतःचे मूल्य बहुधा दृष्टीआड होते. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची तिसरी सिंफनी २५ सप्टेंबर १९०७ रोजी हेलसिंकी येथे त्याच्याच संचालनाखाली प्रथम वाजविली गेली. पूर्वीचा भरघोस वाद्यघोष टाकून तिने आटोपशीरपणा पत्करला. तिचा अखेरचा भाग तर दोन भागांचे काम एकटाच करतो. तरीही दुसरी व चौथी यांमधील पायरी म्हणूनच तिच्याकडे पुष्कळदा पाहिले जाते. मराठीत हेच भाग्य ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या वाट्यास आले.

त्याचा पहिला प्रयोग १ जुलै १९३३ रोजी मुंबईत झाला. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्न्सन याच्या १८८३ मधील नाटकाचे श्रीधर विनायक वर्तक यांनी केलेले हे रूपांतर. दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि पदे मोजकीच ठेवली. अभ्यासक सहसा या ‘मोजकी’ शब्दापाशीच थांबतात.

परंतु संख्या येथे गौण होय. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत, त्यांतील निम्मी गाळली तरी नाटकाची जात बदलत नाही. बदलले ते पदाचे कार्य. जुन्या संगीत नाटकात पद सुरू होताच संवादाचा काळ थांबतो, पात्राचा गवई होतो, आणि ‘वन्समोअर’ने तो थांबलेला काळ आणखी लांबतो. भोळ्यांनी पदास भावगीताचा घाट दिला. शब्द स्पष्ट ऐकू यावा, तानेने त्याच्यावर कुरघोडी करू नये, हा त्यामागील दंडक. ज्योत्स्ना भोळे यांच्या गायनात बोलणेच किंचित वरच्या पट्टीत चालू राहते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, पद हे अवतरण न राहता उक्ती बनले. विषयाचीही हीच मागणी होती: वाग्दत्त वराला त्याच्या पूर्वायुष्याचा जाब विचारला जात असता कोणी आलापी आरंभिली, तर तो जाबच विरून जावा. पालघर वा बोईसर-तारापूरच्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा छापील संहिताच येते, आणि कागदावर हा भेद उमटत नाही.

संस्था अल्पायुषी ठरली. भोळे ‘प्रभात’मध्ये गेले, आणि या शैलीचा पुढचा मुक्काम रंगभूमीवर न होता चित्रपटात झाला. ‘कुंकू’त (१९३७) पुन्हा एक स्त्री जाब विचारते, तेथे पार्श्वसंगीतही वगळून केवळ भोवतालच्या ध्वनींवर भिस्त ठेवली आहे.