सुसरबाईची पाठ आणि कॅमेऱ्याचा डोळा

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण मराठी भाषकाला अर्थासकट ठाऊक असते. तिच्यात गृहीत धरलेली संभाषणस्थिती मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. बोलणारा पाण्यात आहे, निदान सुसरीच्या आवाक्यात आहे. तो सुसरीविषयी बोलत नाही, सुसरीशी बोलतो. तिला ‘बाई’ म्हणतो, एकेरीत संबोधतो आणि धादांत खोटे सांगतो. कारण त्या पाठीवर हाडाच्या खवल्यांचे चिलखत असते. हे खोटे आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे आणि म्हण ऐकणाऱ्यालाही. म्हणजे या चार शब्दांत प्राण्याविषयीचे अचूक ज्ञान आहे, पण ते उलट्या बाजूने, भीतीच्या अस्तरासकट व्यक्त झाले आहे. जाणणारा कोठे उभा आहे हे त्या ज्ञानापासून वेगळे काढता येत नाही.

वन्यजीवनविषयक माहितीपटाचे वाचन करताना ही म्हण हाताशी असलेली बरी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माहितीपटातील निवेदक कोठेच उभा नसतो. तो पाण्यात नाही, काठावर नाही, झाडावरही नाही. त्याचा आवाज वरून येतो आणि तो कोणाशी बोलतो हे त्याने सांगावे अशी अपेक्षा त्या रूपबंधात नाही. ‘संहिता’ या संज्ञेचा व्यापक अर्थ आपण एव्हाना स्वीकारला आहे. पण मराठी समीक्षेने या संहितांकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली. तेव्हापासून एका पिढीची प्राणिविषयक जाणीव बव्हंशी याच संहितांनी घडवली आहे.

विचार स्थलनिरपेक्ष राहू नये म्हणून सावित्रीचा काठ घेऊ. महाबळेश्वरी उगम पावणारी ही नदी पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीला मिळते. महाड शहरालगतच्या तिच्या पात्रात मगरींची वस्ती आहे. (काटेकोर बोलायचे तर लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर ही उत्तरेकडील नद्यांतली, सावित्रीत आहे ती मगर. कोकणच्या बोलण्यात मात्र सुसर हा शब्द मगरीलाही सर्रास चालतो आणि म्हणीला हा भेद मान्य नाही.) हिवाळ्यात दादली पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला काठावर जबडा वासून ऊन खात पडलेली मगर दिसू शकते. तासन्‌तास काहीही घडत नाही. हे ‘काहीही न घडणे’ हाच मगरीच्या जीवनाचा सर्वांत मोठा भाग आहे. थंड रक्ताच्या या प्राण्याची अन्नाची गरज थोडी असते; तो दीर्घकाळ उपाशी राहू शकतो.

पडद्यावरची मगर याच्या नेमकी उलट आहे. ती पूर्व आफ्रिकेतील मारा नदीत असते, नदी ओलांडणाऱ्या विल्डेबीस्टच्या कळपाची वाट पाहत असते, आणि आपण तिला पाहतो तेव्हा ती झडप घालण्याच्या बेतात असते. अनेक महिन्यांच्या चित्रणातून निवडलेली काही मिनिटे संथगतीने ताणलेली असतात. दूरदर्शी भिंगातून चित्र जवळ येते, ध्वनी येत नाही. म्हणून पाण्याची खळबळ आणि हाडे मोडल्याचा आवाज पुष्कळदा ध्वनिमुद्रणकक्षात तयार करून जोडला जातो. यात फसवणूक आहेच असे नाही. डिस्नेच्या १९५८ च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मध्ये लेमिंग या प्राण्यांची सामूहिक आत्महत्या चक्क घडवून आणली होती, तसले प्रकार आज निंद्य मानले जातात. प्रश्न खोटेपणाचा नाही, कथनाचा आहे. माहितीपट शिकारीचे कथानक रचतो, कारण शिकारीला आरंभ, ताण आणि शेवट असतो. ऊन खाण्याला नसतो. कथानकाच्या या सोयीतून प्राण्याचा स्वभाव सिद्ध होतो आणि तोच पुढे ‘निसर्ग’ म्हणून आपल्यापुढे येतो.

पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. मगर आपली पिल्ले खाते असा समज दीर्घकाळ होता, कारण पिल्ले तिच्या जबड्यात दिसत. दक्षिण आफ्रिकेत टोनी पूली यांनी १९७० च्या दशकात नाईल मगरींचे निरीक्षण आणि चित्रण केले आणि वेगळेच सत्य पुढे आले: अंड्यातून येणारा आवाज ऐकून मादी घरटे उकरते, पिल्ले तोंडात अलगद धरते आणि पाण्यात नेऊन सोडते. आपल्याकडच्या मगरीतही हे वर्तन आढळते. नरसुद्धा त्यात सहभागी झाल्याच्या नोंदी आहेत. पुराणातल्या गजेंद्रमोक्षाने, पंचतंत्रातल्या वानर-मगरीच्या कथेने किंवा आपल्या म्हणीने हे कधी सांगितले नव्हते. त्या सर्व परंपरेत मगरीचा जबडा हा केवळ पकडीचा जबडा आहे. कॅमेऱ्याने नवे दाखवले म्हणायचे ते येथे. आणि ते दाखवण्यासाठी त्याला शिकारीच्या कथानकाची गरज भासली नाही, केवळ चिकाटीची भासली.

या दोन प्रकारच्या दर्शनांपैकी समाजमनात कोणते मुरले, याची परीक्षा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री झाली. महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एस. टी. गाड्या आणि अन्य वाहने प्रवाशांसह वाहून गेली. पुढील कित्येक दिवस शोधकार्य चालले. त्या वार्तांकनात ‘मगरींचा वावर असलेली नदी’ हा शब्दप्रयोग वारंवार आला. पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांना मगरींचा धोका होता, हे खरे. तो नोंदवणे वार्ताहराचे कामच होते. पण पडद्यावर मगर नव्हती. होते ते गढूळ, उसळते पाणी. त्या पाण्यात मगर पाहण्याची तयारी प्रेक्षकाच्या मनात आधीच झाली होती, आणि ती सावित्रीने केली नव्हती, मारा नदीने केली होती. मगर हे येथे चिन्ह झाले आणि त्या चिन्हाने एक काम चोख बजावले: मनुष्यनिर्मित दुर्घटनेवर त्याने निसर्गाच्या क्रौर्याची छाया टाकली. पूल जुना होता, त्याची तपासणी कोणी आणि कशी केली होती, हे प्रश्नही त्याच वार्तांकनात होते. परंतु चौकशीला प्रतिमा नसते, मगरीला असते. माहितीपटाचा रूपबंध माहितीपटाबाहेर कसा कार्य करतो याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

प्राण्यांकडे पाहण्याविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जॉन बर्जर यांनी औद्योगिक समाजात प्राणी दैनंदिन जीवनातून नाहीसे होऊन केवळ प्रेक्षणीय झाल्याचे प्रतिपादन केले. ही मांडणी आपल्याकडे उद्‌धृत होते ती जशीच्या तशी, आणि तेथे अडचण येते. सावित्रीकाठचा प्राणी नाहीसा झालेला नाही. मासेमारी करणारे, काठावर कपडे धुणाऱ्या स्त्रिया आणि मगर हे एकच पाणी वापरतात. रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी आणि वाळूचा उपसा दोघांच्याही वाट्याला येतात. मगर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठाच्या वाळूमातीत अंडी घालते. काठच गेला तर घरटे कोठे करणार?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बर्जर यांच्या विवेचनातील ‘माणूस’ एकसंध आहे. महाडमध्ये पाणी, प्राणी आणि माणूस हे तीन शब्द एकत्र उच्चारले की चवदार तळे आठवते. १९२३ च्या बोले ठरावानंतर आणि १९२४ च्या नगरपालिकेच्या ठरावानंतरही ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, तेथे अस्पृश्यांना होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो मोडला गेला. ज्या गावात माणसाला जनावराहून खाली लेखण्याविरुद्धचा लढा झाला, तेथे ‘मानव आणि प्राणी यांतील भेद पुसावा’ हे आजचे सैद्धांतिक आवाहन निरागस राहू शकत नाही. माहितीपटात काठावरची माणसे चौकटीबाहेर ठेवली जातात, तेव्हा ‘अस्पर्श निसर्ग’ सिद्ध होतो. कोणाला बाहेर ठेवून तो सिद्ध झाला, हे विचारण्याचा अधिकार महाडला इतरांहून थोडा अधिक आहे.

मराठीत याला पर्याय आहेत का? व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरटोळ्यांतील सत्तासंघर्षाची कादंबरी प्रत्यक्ष निरीक्षणाच्या बळावर उभी आहे. तिच्यात माणसाला जवळजवळ स्थान नाही. आपण मात्र ती पुष्कळदा मानवी राजकारणाची रूपककथा म्हणून वाचली आणि वानरांना वानर राहू दिले नाही. हा दोष कादंबरीचा नाही, आपल्या वाचनाचा आहे. उलट माहितीपट रूपक असूनही आपण तो वास्तव म्हणून पाहतो. दोन्हीकडे चूक एकच आहे, दिशा तेवढ्या उलट.

सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) हा कथापट आहे, माहितीपट नव्हे. तरी तो येथे विचारात घ्यावाच लागेल. २००९ साली विहिरीतून वाचवून, उपग्रहाशी जोडलेला पट्टा गळ्यात घालून माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. विद्या अत्रेय यांच्या संशोधनातील ही घटना चित्रपटाचा आधार आहे. संशोधनात प्राण्याला क्रमांक देण्याची शिस्त असते. येथे त्याला नात्याचे नाव मिळाले. ‘सुसरबाई’ आणि ‘आजोबा’ ही संबोधने एकाच भाषिक वृत्तीची आहेत. पण म्हणीतला माणूस भीतीपोटी नाते जोडतो; आजोबाचे नाते अंतरावरून, नकाशावरच्या ठिपक्यांतून जुळते. बिबट्या बहुतेक वेळ दिसत नाही आणि चित्रपटाचे सामर्थ्य त्या न दिसण्यातच आहे. जेथे तो दाखवण्याचा मोह अनावर होतो तेथे चित्रपट सामान्य होतो, असे माझे मत. बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ मधील (२०१६) मुंबईच्या बिबट्यांचे रात्रीचे चित्रण तंत्रदृष्ट्या अपूर्व आहे. पण तेथे बिबट्या पुन्हा शिकारीच्याच कथानकात बसवलेला आहे आणि शहरातली माणसे पार्श्वभूमी होऊन राहतात.

२०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर रात्री चालत निघालेल्या मगरीचे, कोणा वाटसरूने भ्रमणध्वनीवर टिपलेले दृश्य सर्वत्र फिरले. पाऊस पडतो आहे, वाहनांचे दिवे तिच्या पाठीवर पडले आहेत, आणि ती कोणाच्याही मागे लागलेली नाही. रस्त्याने जाते आहे, एवढेच. चित्रण हलते आहे, अस्पष्ट आहे. कॅमेरा धरणारा कोठे आहे हे मात्र त्यात स्पष्ट कळते: तो मगरीपासून काही हातांवर, त्याच पाण्यात आहे.