भाऊसाहेबांचा देह आणि पानिपताचा खुर्दा

पानिपतावर मराठीत विपुल लिहिले गेले. होळकर का निघून गेले, बुणगे बरोबर का नेले, गोलाची लढाई का मोडली, यांवर पिढ्यान् पिढ्या वाद झाले. पण १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर त्या मैदानात कोणी कोणाला शोधले, आणि कशावरून ओळखले, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाने कडेलाच ठेवला. माझ्या मते पुढचे तोतयाचे प्रकरण समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

या शोधाचा तपशीलवार वृत्तांत काशीराज शिवदेवाच्या फारसी बखरीत आहे. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. लढाईनंतर मराठे सरदारांना ओळखणाऱ्या पंडितांना बरोबर घेऊन प्रेते तपासली गेली, असे तो सांगतो. यशवंतराव पवार सापडले. अंगावर चाळीसहून अधिक वार असलेले संताजी वाघ सापडले. विश्वासरावांच्या देहाबद्दल शंका नव्हतीच. भाऊसाहेबांचा म्हणून जो देह मिळाला, त्याला मात्र शिर नव्हते. तो ओळखला गेला तो खुणांवरून: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा व्रण, तळपायावर पद्म-मत्स्याच्या रेषा, रोजच्या नमस्कारांनी हातांना व गुडघ्यांना पडलेले घट्टे. शिर दुसऱ्या दिवशी एका दुराणी स्वाराकडून मिळाले आणि तेही दहन झाले.

हा मजकूर आपण सहसा करुण प्रसंग म्हणून वाचतो. पुरावा म्हणून वाचला तर त्याचे बळ आणि उणिवा दोन्ही दिसतात. घट्टे कोणाही नेमनिष्ठ माणसाला पडतात आणि तळपायाच्या रेषांवर न्याय होत नाही. पाठीवरचा व्रण मात्र भक्कम खूण आहे, कारण तो हल्ला जाहीर होता. पण देह आणि शिर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांतून आले. देहाचे वय पस्तिशीच्या आसपास दिसले, असे काशीराज म्हणतो. भाऊसाहेबांना तेव्हा एकतिसावे चालू होते. शिवाय हे सारे लिहिले गेले १७८० साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. तोपर्यंत तोतयाला देहदंड होऊन चार वर्षे झाली होती. ‘ते खरोखर मेले का?’ हा प्रश्न पेटून विझल्यावर लिहिणारा माणूस खुणांची यादी इतकी नेमकेपणाने देतो, याचा विचार करावा लागतो. काशीराज खोटे लिहितो असे मी म्हणत नाही. तो एका वादाला उत्तर देत असावा, एवढेच म्हणतो.

तो वाद म्हणजे सुखनिधान नावाचा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. तो रत्नागिरीच्या कैदेत होता. १७७६ मध्ये तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला भाऊसाहेब म्हणून उभे केले. कोकणातले किल्ले आणि माणसे त्याला मिळत गेली, फौज बोरघाटापर्यंत आली. शेवटी रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याला पाठवले. न. चिं. केळकरांनी यावर १९१३ मध्ये नाटक लिहिले, ‘तोतयाचे बंड’. हे दोन्ही शब्द दरबाराचे आहेत. दरबाराच्या बाजूने पाहिले की लोक भोळे ठरतात. पण त्या लोकांपैकी कोणी देह पाहिला नव्हता, अस्थी पाहिल्या नव्हत्या. चौकशी करणारे नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते, पण भाऊ पडण्याआधीच ते रणाबाहेर पडले होते. आपल्या आईलाही त्यांनी त्याच धुमश्चक्रीत गमावले होते.

पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. आपले लेखक याला कधी पातिव्रत्य म्हणतात, कधी भ्रम. मला त्यात पुराव्याची साधी मागणी दिसते. बेपत्ता माणसाचे काय झाले हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्क जिनिव्हा करारांच्या जोडमसुद्याने १९७७ मध्ये मान्य केला. बाईंनी तो दोनशे वर्षे आधी, काहीही न बोलता, कपाळावर मिरवला.

विश्वास पाटलांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ने भाऊसाहेबांना त्यांचे नायकपण परत दिले, हे मोठे काम झाले. पण लढाईच्या वार्तेच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मोती आणि मोहरा मोजून झाल्यावर खुर्द्याची गणती सोडून दिली होती. आपण अजूनही तिथेच थांबलो आहोत. हरियाणातला रोड समाज आणि बलुचिस्तानातले बुगटी मराठे स्वतःला त्याच खुर्द्याचे वंशज मानतात.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीसे केलेल्यांच्या अस्थी १९८४ पासून शास्त्रज्ञांची तुकडी उकरून ओळखत आली. आपल्याकडे दहन झाले, अडीच शतके लोटली. हाडे मिळणार नाहीत. कागद मिळू शकतात. पडलेल्या शिपायाच्या घराला बालपरवेशी देण्याची मराठ्यांची रीत होती. अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक नाव, एक गाव, मागे राहिलेले एक मूल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल या एकाच हेतूने चाळून पानिपतावरून न परतलेल्यांची गाववार यादी करता येईल. ती अपुरीच राहील. तरीही मोत्यांवर आणखी एक कादंबरी येण्यापेक्षा खुर्द्याची ती यादी मला अधिक निकडीची वाटते.