गुळगुळीत, पण गोल नाही : कोल्हापुरातील डिजिटल छायाप्रकाश

संगणकावर काढलेल्या सपाट आकाराला गोलाई द्यायची तर उजेड कुठल्या बाजूने येतो हे आधी ठरवावे लागते आणि छटा त्या हिशेबाने बदलत न्याव्या लागतात. पेटी किंवा भिंत रंगवताना प्रत्येक बाजूला एक छटा दिली तरी भागते. गणपतीची सोंड, पैलवानाचा खांदा, शेल्याची चुणी यांचा पृष्ठभाग मात्र सतत वळत असतो. कोल्हापुरातल्या उत्सवांच्या आणि कुस्ती मैदानांच्या फ्लेक्सवर असेच आकार पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे या कलेची आजची अवस्था तिथे उघड्यावर तपासता येते.

छायाप्रकाशाची जाण या शहराला उसनी आणावी लागलेली नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ या परिसराची निसर्गचित्रे रंगवली. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कुठल्याही कलाशाळेत न जाता, नात्यातल्या आनंदराव पेंटर यांच्या जोडीने नाटकांचे पडदे रंगवत तयार झाले. पुढे चित्रपटाची पोस्टरेही त्यांनी रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. पडदा आणि पोस्टर दुरून पाहायचे असते. तिथे मोजक्या, ठाम छटांनीच आकार उठतो. फ्लेक्सही दुरूनच पाहिला जातो, हे आज विसरले गेले आहे.

साधनांची आता वाण नाही. कोरलड्रॉमध्ये ‘मेश फिल’ने आकारावर जाळी बसते आणि तिच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो. जाळीच्या रेषा आकाराच्या वळणाने गेल्या तर थोड्या गाठींत काम होते. नाहीतर गाठी वाढत जातात आणि रंग डागाळतो. १९९० मध्ये आलेले फोटोशॉप आणि फुकट मिळणारी गिम्प, क्रिटा यांत हेच काम ब्रशने होते.

सोंडेचेच पाहा. खालच्या लेअरवर सपाट शेंदरी रंग. त्यावर ‘क्लिपिंग मास्क’ लावलेला दुसरा लेअर, म्हणजे सावली कडेबाहेर सांडत नाही. उजेड डावीकडून वरून धरला, तर सर्वांत गडद पट्टा उजव्या कडेवर येत नाही, कडेच्या थोडा आत येतो. कडेला आसपासचा परतलेला उजेड मिळतो. सोंड जिथे पोटाला टेकते तिथे पडछाया धारदार, जसजशी सोंड पोटापासून सुटते तसतशी मऊ. सोंड खाली वळली की उजेडाचा पट्टाही तिच्याबरोबर वळला पाहिजे. तो सरळ राहिला की सोंडेची नळी होते.

बहुतेक फ्लेक्स नेमके इथे घसरतात. कडेने सारख्या जाडीचा काळा एअरब्रश फिरवायचा, मध्ये पांढरा डाग द्यायचा आणि सगळे ‘ब्लर’ करायचे, असा सरधोपट मार्ग आहे. त्याने चित्र गुळगुळीत होते, गोल होत नाही. सगळ्याच कडा मऊ केल्यावर उजेडाची दिशा कळणार कशी? शेंदरीची सावली तांबूस तपकिरीकडे झुकते. तिच्यात नुसता काळा मिसळला की छपाईत ती मळकट दिसते. पैलवानाच्या दंडावर तर प्रत्येक स्नायूला वेगळा दिवा लावल्यासारखी चकाकी असते.

दुसरा दोष तांत्रिक आहे. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. हलक्या सावलीत त्यातल्या तीसच वापरल्या गेल्या आणि ती सावली दहा फूट रुंदीवर पसरली, तर प्रत्येक पायरी चार इंचांची होते आणि पट्टे दिसू लागतात. छपाईच्या ठिपक्यांत त्यातले काही झाकले जातात, सगळे नाही. सोळा बिटमध्ये काम करणे आणि शेवटी किंचित ‘नॉइज’ मिसळणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पण घाईच्या कामात तो राहून जातो.

महाराष्ट्रात शाळकरी मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढतात. तांब्या, वांगे, कापडाची घडी यांवरचा उजेड त्यांनी कागदावर अभ्यासलेला असतो. सॉफ्टवेअर शिकताना तो अभ्यास बाजूला पडतो, टूलची नावे पुढे येतात. नव्याने शिकणाऱ्याने ब्लरला हात लावण्याआधी एका दिव्याखाली टोमॅटो ठेवून तो क्रिटामध्ये पाच करड्या छटांत रंगवून पाहावा; रंग नंतर चढवता येतो.